तड्यातला रंग

तुम्ही खोटं लिहिलंत. पहिल्या ओळीपासून खालच्या सहीपर्यंत सगळं खोटं. 'चालकास डुलकी लागल्याने वाहन रस्ता सोडून खाली गेले', असं तुमच्या खात्यानं लिहिलं, त्यावर शिक्का हाणला, फाइल कपाटात ढकलली आणि चहा मागवला. ज्याला डुलकी लागली म्हणता, तो माणूस आदल्या रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यापासून उजाडेपर्यंत घोरत होता. त्याची बायको शेजारी जागी होती. जागी का, तर त्याच्या घोरण्यानं तिचा डोळा लागेना. तिला विचारायला आलात तुम्ही? कशाला याल! मेलेला माणूस उलटून बोलत नाही, एवढी एकच विद्या तुमच्या खात्याला येते. हयातभर खडी, चिखल, नदीची पात्रं तुडवत त्यानं तुमचे साहेब फिरवले, एकाच्याही कपाळाला कधी काच लागू दिली नाही. त्याच्या नावापुढं तुम्ही काय ठेवलंत? डुलकी. आणि त्याच्या बायकोला दुकानात, दवाखान्यात, पोरांच्या शाळेत काय म्हणून ओळखायला लागले लोक? डुलकीवाल्याची बायको.

पण त्या रविवारी दुपारी गॅरेजमध्ये डुलकीचं नावही कुणाच्या डोक्यात नव्हतं. भांडण पेटलं होतं ते दिव्यांवरून.

"काचेच्या चौकटीवर चार दिवे," दादा हात पसरून सांगत होता. "पुढच्या बंपरवर गाडी ओढून काढायला विंच. आणि टायर हे एवढे!"

"एवढे टायर लावलेस तर वळताना मडगार्डला घासतील," ठिणगी जीपच्या पोटाखालून म्हणाली.

"मग मडगार्ड कापू."

"आधी तुझे कान कापते. तेही जरा बाहेर आलेत."

"आई, सांग हिला काहीतरी."

आई कोपऱ्यात शिलाई मशीनवर सीटची जाड कापडी खोळ शिवत होती. तिनं मान वर केली नाही. "कात्री माझ्या हातात आहे. दोघांच्या जिभेचं माप घेते, या."

दादा विमा कंपनीत खुर्चीत बसून काम करणारा माणूस. पण सुट्टीच्या दिवशी त्याच्या अंगात मेकॅनिक संचारायचा. पाना उलटा धरायचा आणि सल्ले सुलटे द्यायचा. ठिणगी त्याची धाकटी बहीण. एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये वेल्डर. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर उरलं होतं; काकानं पहिल्यांदा तिच्या हातात वेल्डिंगचा होल्डर दिला आणि तिनं पहिलाच टाका स्वतःच्या फ्रॉकवर उडवला, त्या दिवसापासून ती सगळ्यांची ठिणगी झाली.

आणि मधोमध, लाकडी ठोकळ्यांवर, ते धूड. बाबांची जीप. म्हणजे खात्याची, पण बाबांशिवाय दुसऱ्या कुणाला ती दुसऱ्या गिअरमध्ये सरळ जाऊ द्यायची नाही. अपघातानंतर ती खात्याच्या यार्डात गंजत पडली आणि पुढं भंगारात निघाली, तेव्हा काकानं ती उचलली. बाबांचा धाकटा भाऊ तो. त्याच खात्याच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर होता. दोन घरांच्या मधल्या या गॅरेजमध्ये त्यानं ती आणून उभी केली, वरून ताडपत्री ओढली आणि चारी कोपरे दोरीनं आवळले. पोरांनी कितीदा विचारलं, काका, उघडूया का? तो म्हणायचा, राहू दे. भावाची आठवण आहे, म्हणून याला बघवत नाही, असं घरादारानं ठरवून टाकलं आणि त्याच्या या वेडाचं कौतुक केलं.

शेवटी दादानंच हट्ट धरला. काका कुरकुरत तयार झाला. इंजिन उघडा, पत्रा ठोका, रंग काढा, काय ते करा. "पण पुढचा अॅक्सल आणि स्टिअरिंग माझ्याकडं," त्यानं बजावलं. "तिथं कुणी बोट लावायचं नाही. ते मी माझ्या हातानं करणार."

मग त्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी ठिणग्या, धूळ, उजेड, सगळ्यापासून लांब राहायला सांगितलं. काकूनं त्याला आपल्या बहिणीकडं विश्रांतीला नेऊन टाकलं. आणि इथं ठिणगीच्या डोक्यात ती कल्पना आली, जी फक्त याच घरात कुणाच्या डोक्यात येऊ शकते, कारण या घरात माया दाखवायची म्हणजे दुसऱ्यानं नको म्हटलेलं काम गुपचूप करून ठेवायचं. काका येईल तेव्हा पुढचा भाग तयार! त्याच्या डोळ्यांना त्रास नको. तो बघेल आणि म्हणेल, पोरी, माझ्यावरच कडी केलीस.

आज तो येणार होता. पुढचा अॅक्सल धुऊन पुसून बसला होता, नवे बेअरिंग होते, नवा स्टिअरिंगचा दांडा होता. स्टिअरिंग फिरवलं की हा दांडा सरकतो आणि चाकं वळतात. हा नसला तर ड्रायव्हरच्या हातात नुसतं गोल कडं उरतं. जुना दांडा अपघातात मोडलेला होता. दोन तुकडे, दोन टोकांना लोंबकळत, चिखलानं आणि खात्याच्या हिरव्या रंगानं माखलेले. आपटल्यामुळं मोडला, असं तुमच्या त्या कागदात होतं. कुणी संशय घेतला नाही. एवढ्या वरून गाडी पडली, तर दांडा मोडणारच.

त्या तुकड्यांचं काय करायचं, ते दादानं ठरवलं होतं. "हे दोन्ही जोडायचे, त्यावर क्रोम चढवायचं आणि बाजूच्या सीटसमोर धरायची दांडी म्हणून लावायचे. आई तिथं बसेल. बाबांच्या स्टिअरिंगला धरून."

त्याच्या सगळ्या कल्पनांत ही एकच आईला आवडली होती. "लाव," ती म्हणाली होती. "हाताला त्याचं काहीतरी लागेल."

म्हणून ठिणगी आता गाडीखालून बाहेर आली, लांबडा तुकडा टेबलावरच्या लोखंडी शिकंजात आवळला, ग्राइंडरला तारेचा ब्रश लावला आणि चष्मा ओढून कामाला लागली. हिरवा रंग भुरभुर उडायला लागला. त्याखाली गंज. गंजाखाली काळं लोखंड.

आणि मोडलेल्या टोकाशेजारी, दांड्याला वेढून बसलेली एक जाड रेघ.

तिनं ब्रश उचलला. परत टेकवला. रेघ आणखी लखलखली. एकावर एक सरकलेल्या बारीक वळ्या, जशा ती रोज दिवसभर घालते.

वेल्डिंग.

तिनं ग्राइंडर बंद केला. तो फिरत फिरत थांबेपर्यंत ती तशीच उभी होती. दादाचं चालूच होतं, दिव्यांना वेगळं बटण लागेल, जुनी वायर एवढा भार घेणार नाही. तिला त्याचे ओठ दिसत होते. शब्द कानापर्यंत पोचत नव्हते.

स्टिअरिंगच्या दांड्याला टाका घालायचा नसतो. बाकी गाडीला कुठंही घाला, याला नाही. हे तिला कुणी पुस्तकात शिकवलं नव्हतं. काकानं शिकवलं होतं, मान धरून. जोड मोडत नाही गं, तो म्हणायचा. जोडाशेजारचं लोखंड मोडतं. ते भाजून कडक झालेलं असतं, काचेसारखं. वरून धडधाकट दिसतं आणि आतून तडकलेलं असतं. आणि हा दांडा नेमका तिथंच मोडला होता. जोड शाबूत होता, अगदी देखणा. त्याच्या शेजारी नखभर अंतरावर लोखंडाचे दोन तुकडे झाले होते.

तिनं तुकडा शिकंजातून सोडवला आणि मोडलेलं तोंड उजेडाकडं धरलं. बराचसा भाग तपकिरी, गंजलेला. पण एका कडेला, आतल्या बाजूला, चंद्रकोरीसारखा पट्टा हिरवा होता.

तिला वाटलं, वरून घासताना रंग आत गेला असेल. पोकरायची टोकदार सळई घेऊन तिनं खरवडलं. निघेना. रंग लोखंडात वाळून बसला होता, मोडलेल्या तोंडावर, आत.

"दादा," ती म्हणाली.

"...आणि बटणाला लाल दिवा. काय गं?"

"रंग आत कसा गेला?"

"कशाच्या आत?"

"दांडा पडताना मोडला ना? मग मोडलेल्या तोंडावर खात्याचा रंग कसा? मोडल्यावर कुणी रंगवायला गेलं होतं का याला?"

दादा जवळ आला. तुकडा हातात घेऊन त्यानं फिरवून पाहिला. विमावाल्याचं डोकं त्याचं. नुकसान पडण्याआधीचं की पडल्यानंतरचं, याच्यावरच त्याची रोजीरोटी. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"म्हणजे रंग मारला तेव्हा तडा होता," तो म्हणाला. "उघडा होता. ब्रशनं रंग आत शिरला."

"पडण्याआधी."

"पडण्याआधी."

मशीनचा आवाज थांबला होता. आई खोळ मांडीवर घेऊन बसून होती.

"म्हणजे गाडी आधीच मोडलेली होती?" तिनं विचारलं.

"तडकलेली होती, आई. त्यावर रंग फासला त्यांनी. बाबांच्या हातातलं स्टिअरिंग सुटलं. ते झोपले नव्हते."

"ते मला तू सांगतेस?" आई म्हणाली. आवाज अगदी साधा, पण तिनं सुई कापडात खोचली आणि हात पदराला पुसले, जणू कुठंतरी निघायचं आहे. "कुणी घातलाय तो टाका?"

ठिणगीनं दांड्याकडं पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. मघाशीच दिसलं होतं. रेघ जिथं संपत होती तिथं ती नुसती संपत नव्हती. अंगठाभर मागं वळून तिथं एक गोल, टपोरा ठिपका ठेवलेला होता. रेघेच्या टोकाला खड्डा राहतो, तिथून तडा सुरू होतो, म्हणून मागं फिरून तो भरायचा. भरतात सगळेच. पण असा ठसठशीत ठिपका, मुद्दाम, सही केल्यासारखा, तो एकच माणूस ठेवायचा. घरात त्याला 'काकाचा पूर्णविराम' म्हणायचे. गेटवर होता, गच्चीच्या कठड्यावर होता, आईच्या मशीनच्या पायावर होता. आणि आता, मान वळवली असती तर, कालच तिनं स्वतः जीपच्या चासीवर, खालच्या सांगाड्यावर, घातलेल्या प्रत्येक टाक्याच्या शेवटीही होता. तिचा हात त्याच्याच हातातून आलेला.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"खोटं बोलू नकोस."

"आई, वेल्डिंगवरून माणूस थोडाच—"

"मी शिवणकाम करते," आई म्हणाली. "दहा बायकांच्या कपड्यांत कुठला टाका कुणाचा ते मी डोळे मिटून सांगेन. आण इकडं."

ठिणगीनं दादाकडून तुकडा घेऊन तिच्या हातात दिला. आईनं चष्मा वर सरकवला, बोट रेघेवरून शेवटपर्यंत नेलं आणि ठिपक्यावर थांबवलं. दादानं आईच्या खांद्यावरून वाकून बघितलं. तोही याच घरातला. त्यालाही कळलं.

"छे," तो म्हणाला. "छे छे. भलतंच."

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ काकूचा. "सावकाश उतरा! आता नवे डोळे मिळालेत, पण पाय जुनेच आहेत."

काका आला तो काळा चष्मा लावून, हसत. काकू मागून पिशव्या सांभाळत. "बघा ताई, कसे दिसतात! बहीण म्हणाली, कोण गं हा हिरो आणलास बरोबर. दिवसभर चष्मा काढत नाहीत. मेले, झोपतातही चष्मा लावून."

कुणी हसलं नाही. काकूच्या ते लक्षात आलं, पण तिच्या तोंडाला एकदम थांबता येत नसे. "काय झालं? परत दिव्यांवरून का? मी सांगते, एकही दिवा नको. हे धूड एकदाचं बाहेर काढा आणि मला माझी धुण्याची जागा द्या."

काका जीपकडं बघत होता. पुढच्या चाकांकडं. नव्या दांड्याकडं.

"पुढचं कुणी केलं?" त्यानं विचारलं.

"मी," ठिणगी म्हणाली. "तुला सरप्राइज."

"मी सांगितलं होतं, हात लावायचा नाही."

"तुझे डोळे..."

"मी सांगितलं होतं!" तो ओरडला. ठिणगीच्या अख्ख्या आयुष्यात तो तिच्यावर ओरडलेला हा पहिला आवाज. आणि त्या आवाजानंच तिची उरलीसुरली शंका संपली. लपलेल्या माणसानं भिंतीआडून स्वतःच हात बाहेर काढून दाखवावा, तसा तो आवाज होता.

आई उठली. दांड्याचा तुकडा तिनं काकाच्या हातात ठेवला. त्यानं काळा चष्मा काढला नाही. त्याचा अंगठा आपोआप रेघेवरून सरकला, टोकापर्यंत गेला, ठिपक्यावर टेकला आणि तिथून हललाच नाही.

"भाऊजी," आई म्हणाली, "हा तुमचा हात ना?"

काकूनं पिशव्या खाली ठेवल्या.

"वर्कशॉपच्या साहेबांचा हुकूम होता," काका म्हणाला. "गाडी लांब साइटवर अडकली होती, दांडा मोडून, बदली ड्रायव्हरकडं. मला जनरेटर देऊन पाठवलं. म्हणाले, टाका मार आणि आण. मी मारला. गाडी यार्डात आणण्यापुरता, वहिनी. फक्त तेवढ्यापुरता. आल्याबरोबर सांगितलं, नवा दांडा मागवा, यावर गाडी चालवायची नाही. ते हो म्हणाले."

"मग?"

"मग दौरा निघाला. वरचे लोक येणार होते. सगळ्या गाड्या रंगवायला काढल्या. मी रंगाच्या आदल्या दिवशी खाली वाकून बघितलं तर टाक्याशेजारी तडा दिसला. बारीक. केसासारखा. परत गेलो साहेबांकडं. ते म्हणाले, दौरा होऊ दे, मग बघू. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर त्यावर रंग."

"बघ!" दादा एकदम म्हणाला. एवढे दिवस काकाच्या 'राहू दे'वर चिडणारा दादा आता त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला, अगदी खांद्याला खांदा लावून. "त्यानं दोनदा सांगितलं, आई. हुकमाचा ताबेदार माणूस. तो काय करणार? चूक खात्याची आहे. पूर्ण खात्याची."

"चौकशीत बोलावलं होतं ना तुला?" ठिणगीनं विचारलं.

काका परत नव्या दांड्याकडं बघायला लागला.

"काका, बोलावलं होतं ना? काय विचारलं?"

"गाडीत काही दोष होता का."

"मग तू काय म्हणालास?"

"साहेब आधीच म्हणाले होते. टाका तुझा आहे, तर फासही तुझ्याच गळ्यात बसेल. नोकरी गेली असती. दोन घरं होती तेव्हा माझ्या एकट्यावर. तू एवढीशी होतीस."

"काय म्हणालास?"

"दोष नव्हता, असं म्हणालो."

ठिणगीला वाटलं, आपण ओरडू. पण तिला फक्त दिसत होतं ते एवढंच: हाच माणूस तिच्या शाळेच्या गेटवर सायकल धरून उभा राहायचा, वर्गातल्या पोरांनी 'डुलकी, डुलकी' म्हणून चिडवलं की त्यांच्या अंगावर धावून जायचा. केवढा राग यायचा त्याला! तिला वाटायचं, आपल्यासाठी कुणीतरी एवढं रागावणारं आहे.

"झालं ते झालं," दादा घाईघाईनं म्हणाला. "आता उकरून काय मिळणार? त्याची पेन्शन जाईल. लोक काय म्हणतील..."

"एक राहिलं," आई म्हणाली.

ती काकाच्या अगदी समोर उभी राहिली. उंचीनं ती त्याच्या छातीएवढी.

"साहेबांना सांगितलंत. दोनदा सांगितलंत. मान्य. पण गाडी साहेब चालवणार नव्हते. ती चालवणारा तुमच्या भिंतीपलीकडं झोपला होता. या गॅरेजच्या पलीकडं. त्याला का नाही सांगितलंत?"

बाहेर कुणीतरी नळ उघडला आणि बादलीत पाणी पडायला लागलं.

काका खाली बघत, एखाद्या शाळकरी पोरासारखा म्हणाला, "आमचं बोलणं बंद होतं."

"काय?" दादा म्हणाला.

"अबोला होता आमचा."

"कशावरून?" ठिणगीनं विचारलं, आणि विचारतानाच तिला कळलं की उत्तर ऐकायचं नाही.

उत्तर काकूनं दिलं. ती पिशव्यांशेजारी भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरचं सगळं रक्त कुणीतरी ओढून काढल्यासारखं दिसत होतं. "या शटरवरून," ती म्हणाली. "गॅरेजचं शटर आमच्या अंगणाकडं उघडायचं की तुमच्या. त्यावरून पावसाळाभर एकमेकांशी बोलले नाहीत हे दोघे. निरोप आमच्यामार्फत जायचे. मीठ संपलंय, पाण्याची टाकी भरा, सगळं आमच्यामार्फत." ती नवऱ्याकडं वळली. "एवढं एक वाक्य माझ्याकडं द्यायचं होतंत की! ताईंना सांग, त्याला म्हणावं आज ती गाडी नेऊ नको. मी भिंतीवरून ओरडून सांगितलं असतं. मी धावत गेले असते हो!"

"मला वाटलं, साहेब सांगतील. मला वाटलं..." काकाचा आवाज फाटला. "मला वाटलं, आधी तो बोलेल. दर वेळी मीच आधी बोलायचो. या वेळी म्हटलं, तो बोलू दे."

"दर वेळी तुम्हीच?" काकू म्हणाली. "अहो, माझ्यासमोर तरी खोटं बोलू नका. तुम्ही कधीच आधी बोलला नाहीत. ते बोलायचे. घसा खाकरत यायचे आणि काय रे, चहा पिणार का म्हणायचे. एवढ्यासाठी थांबलात? एका चहासाठी?"

ज्या बाईनं जन्मभर नवऱ्याच्या प्रत्येक शब्दाची री ओढली होती, ती सरळ चालत गेली आणि आईच्या शेजारी उभी राहिली. दोघींमध्ये बोटभर जागा उरली नाही. आणि काकाजवळ एकटा दादा होता. तोही आता हळूच बाजूला सरकला, सरकला हे त्याला कळलंही नसावं. गाडीच्या एका बाजूला चौघं, दुसऱ्या बाजूला काळा चष्मा लावलेला एक म्हातारा माणूस, हातात लोखंडाचा तुकडा.

"मग हा ठेवलास कशाला?" दादानं विचारलं. त्याच्या आवाजातला वकील मेला होता. "गाडी आणलीस तेव्हाच दांडा काढून भट्टीत टाकायचास. कुणाला कळलं असतं?"

"काढायला गेलो होतो. कितीदा गेलो. ताडपत्री उचलायचो, पाना लावायचो. हात धजायचा नाही." त्यानं चष्मा काढला. ऑपरेशन झालेला डोळा लालबुंद होता, त्यातून पाणी वाहत होतं, आणि ते रडणं होतं की औषध हे सांगता येत नव्हतं. "तो तिथं असेपर्यंत मला कुणीतरी पकडेल असं वाटायचं. आणि तो गेला की कुणीच पकडणार नाही असं वाटायचं. दोन्हीची भीती वाटायची."

ठिणगीला त्याची दया आली. तिचा तिलाच राग आला. आत काहीतरी उकळत होतं आणि त्यात दया पण होती, हेच तिला सहन होईना. तिनं टेबलावरची हातोडी उचलली आणि कालच चासीवर घातलेल्या आपल्या टाक्यावरचा टपोरा ठिपका ठोकून काढायचा प्रयत्न केला. एकदा, दोनदा. ठिपका ढिम्म हलला नाही. पक्का बसला होता. चांगलं शिकवलं होतं त्यानं.

"राहू दे ते," आई म्हणाली. "हात दुखेल."

मग ती काकाकडं वळली. रडली नाही. तिच्या वाट्याचं रडून कधीच झालं होतं, तेही चुकीच्या कारणासाठी, कारण कुठंतरी, अगदी आत, एखाद्या रात्री, तिलाही वाटून गेलं होतं की खरंच लागली असेल का त्याला डुलकी. आपण जागे होतो म्हणतो, पण आपलाच डोळा लागला असेल मधे, आणि तो जागत पडला असेल. खात्यानं एक शब्द लिहिला आणि तिच्या स्वतःच्या जागेपणावरचा विश्वास काढून घेतला. हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आताही नाही सांगितलं. पण ठिणगीनं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला ते सगळं वाचता आलं.

"भाऊजी, ऐका. उद्या ऑफिस उघडलं की आपण त्या खात्यात जायचं. मी, तुम्ही आणि हा तुकडा. तुमचे ते साहेब आता कुठं वर बसले असतील तिथं. पोरगी दाखवेल त्यांना रंग कुठंपर्यंत गेलाय ते. पण ते म्हणतील, लोखंड काय, कुठूनही आणलं असेल. तेव्हा तुम्ही बोलायचं. टाका माझा. तडा मी बघितला. दोनदा सांगितलं. रंग तुम्ही मारलात. आणि चौकशीत मी खोटं बोललो. एवढी वाक्यं. तुमच्याशिवाय ती कुणाच्या तोंडी खरी नाहीत."

"वहिनी, मला आत टाकतील. पेन्शन बंद होईल. हिचं काय..."

"माझं मी बघेन," काकू म्हणाली. "मला मधे घालू नका. आजवर फार घातलंत."

"त्याला झोपलेला नका ठेवू," आई म्हणाली. "बास. मला दुसरं काही नको. शिक्षा नको, भरपाई नको. तो जागा होता, हे त्यांनी लिहायचं. याल ना?"

काकानं दांडा छातीशी धरला होता. त्याचे ओठ हलत होते. तो आईकडं बघेना, काकूकडं बघेना, दादा तर केव्हाच जमिनीकडं बघत होता. मग त्यानं मान वळवली ती नेहमीच्या जागी. घरात कुठंही कोंडीत सापडला की तो जिच्याकडं बघायचा, जी एखादा विनोद करून, त्याला चहा करून देते म्हणून उठून, काका थकलाय म्हणून सांगून त्याला सोडवायची, तिच्याकडं. ते पाणावलेले डोळे ठिणगीवर येऊन थांबले.

तिनं हातातली हातोडी खाली ठेवली.

"माझ्याकडं बघू नका, काका," ती म्हणाली. "आईनं विचारलंय. उत्तर द्या. येणार की नाही?"